हमखास दिसणारं घुबड

‘ताई, तुम्ही फक्त सेटिंग सांभाळा, पक्षी माझ्यावर सोडा.’ पक्ष्यांचे फोटो काढायला नेणाऱ्या एका सहलवाल्याचं, पैसे भरण्याआधी फोनवर ऐकलेलं हे वाक्य. तेव्हा ते फार आश्वासक वाटलं होतं. पक्षी बघायला निघालेल्या माणसाला असं काही ऐकू आलं तर त्याने फोन ठेवून द्यावा हे मला आज कळतं, पण त्या दिवशी मी अर्धी रक्कम आगाऊ भरून मोकळी झाले होते.

मी दहाएक वर्षं पक्षी बघते आहे, त्यातली शेवटची चार हातात पाचशे मिलीमीटरची लेन्स घेऊन. म्हणजे नवखी नाही. फसवणूक नवख्यांचीच होते असं कुणी म्हणत असेल तर पुढे वाचा.

सहल तीन दिवसांची होती. नवरंग, खंड्या आणि शृंगी घुबड हे तीन पक्षी ‘शंभर टक्के’. आधीच्या पाहुण्यांनी काढलेले फोटो मला पाठवण्यात आले आणि मी भाळले. एकेक फोटो असा की पिसांचे तंतू मोजून घ्यावेत. मागे मऊ हिरवी पार्श्वभूमी, पुढे शेवाळलेला ओंडका, त्यावर पक्षी. सगळ्या फोटोंत ओंडका तोच होता, कोन तोच होता, उंची डोळ्यांच्या रेषेतली. पानांत अर्धा लपलेला, पाठमोरा, तोंडावर काडी आडवी आलेला असा पक्षी एकाही फोटोत नव्हता. खऱ्या जंगलातून परत आलेल्या कुणाचंही कार्ड उघडून बघा, बहुतेक भरणा याच मालाचा असतो. मला ते संशयास्पद वाटायला हवं होतं. मला वाटलं, काय दर्जा आहे!

पहिला दिवस नवरंगाचा. भर दुपारी आम्हाला एका ओढ्याच्या काठी बसवलं. थोड्या वेळात समोरच्या झुडपातून ती दोन सुरांची स्वच्छ शीळ आली. मी मोबाईलवर मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप लावलेलं होतं, त्याने लगेच नवरंगाचं नाव दाखवलं. गाईडने ओठांवर बोट ठेवून डोळे मोठे केले. आम्ही दहाजण श्वास रोखून. शीळ येत राहिली, पक्षी काही येईना. ‘लाजरा आहे, पण आहे इथेच,’ गाईड कुजबुजला. मी वहीत ‘आवाज ऐकला’ अशी नोंदही करून टाकली.

मग माझ्या एक लक्षात आलं. प्रत्येक शिळेनंतर लांब कुठेतरी एक कुत्रा दोनदा भुंकत होता. शीळ, भू-भू. शीळ, भू-भू. नवरंग आणि कुत्रा इतके तालात? झुडपात ब्लूटूथचा स्पीकर होता. नवरंग मुख्यतः पहाटे आणि सांजेला बोलतो, तमिळमध्ये तर त्याचं नावच ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं आहे. आणि हा दुपारी दीड वाजता गळा काढत होता. मर्लिनचा यात दोष नाही, ते आवाज ओळखतं, आवाज चोचीतून आला की डबीतून हे त्याला कुठून कळणार?

मी गाईडला बाजूला घेऊन विचारलं. तो हसला. ‘ताई, थोडा प्लेबॅक सगळेच लावतात.’ पक्ष्याला बोलावायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावतात हे खरंच आहे. खरा नर जवळपास असेल तर आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून तो खाणंपिणं, घरटं सोडून भांडायला येतो, आणि दिवसभर दहा टोळ्यांनी दहा वेळा लावलं तर दहा वेळा येतो. इथे तर तो येण्यासाठीही लावलेलं नव्हतं. ‘आहे बरं का’ असं आम्हाला वाटावं म्हणून लावलं होतं. मी नोंद खोडली आणि गप्प बसले. हे गप्प बसणं या हकिगतीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंड्या. लपणात, म्हणजे लपून फोटो काढायच्या आडोशात बसवलं, समोर छोटं डबकं, डबक्यात रोवलेली एक सुंदर वाकडी काठी. वीस मिनिटांत खंड्या हजर. सूर, मासा, काठीवर आपटणं, गट्टम. पुन्हा सूर. आम्ही वेड लागल्यासारखे बटण दाबत होतो. तासाभराने डोळ्यांवरची धुंदी जरा उतरली तेव्हा दिसलं की तो दर वेळी त्याच हातभर जागेत सूर मारतो आहे आणि एकही सूर फुकट जात नाही. चोचीतले मासेही सगळे एकाच मापाचे. पाण्याखाली पसरट थाळी होती, कडांना दगड लावलेले, आत सोडलेले मासे. लपणातून उठताना ऊन तिरकं पडलं आणि थाळीची कड चकाकली. निदान खंड्या तरी जंगली होता, अशी मी मनाची समजूत घातली. पोटभर खाऊन तो उडून जाऊ शकत होता.

घुबड दुपारनंतर होतं. निघण्याआधी सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले. ‘लोकेशन फुटलं तर गर्दी होते, घुबडाला त्रास होतो.’ कारण इतकं रास्त होतं की मी सगळ्यात आधी मोबाईल दिला. घुबडांच्या जागा गुप्त ठेवाव्यात हे जबाबदार पक्षीनिरीक्षकच सांगतात, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साईटवरसुद्धा काही नाजूक जातींच्या नोंदींची नेमकी जागा लपवलेली असते. चांगल्या नियमाचा असाही उपयोग होतो हे तेव्हा सुचलं नाही. आमच्या कॅमेऱ्यांत जीपीएस नव्हतं. तीन वळणं, एक नाला, बांबूचं बेट, एवढंच आज मला त्या जागेबद्दल सांगता येतं.

आणि समोर ते बसलेलं. फोटोतला तोच ओंडका, त्यावर शृंगी घुबड, नारिंगी डोळे सताड उघडे. वीस पावलांवर. दहाजणांचे कॅमेरे एकदम वाजू लागले तरी हललं नाही. हे घुबड दिवसा शक्यतो कड्याच्या कपारीत, घळीच्या आडोशाला बसतं. उघड्या रानात, कमरेइतक्या उंचीच्या ओंडक्यावर, उन्हात ते कशाला येईल? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यावर फोकस असा काही बसला होता की प्रश्न मागे सरकला.

दहा मिनिटांत बुलबुलांनी त्याला पाहिलं. मग कोतवाल पक्षी आला. दिवसा घुबड दिसलं की लहान पक्षी त्याच्याभोवती कालवा करतात, अंगावर झेपावतात, आणि थोड्याच वेळात घुबड वैतागून दाट सावलीत निघून जातं. हे मी कितीदा पाहिलेलं आहे. हे घुबड गेलं नाही. कोतवालाने डोक्यावर टोच मारली तसं ते दबलं, कानांसारखे तुरे सपाट झाले, मग पंख उघडून वीतभर उचललं आणि धप्पकन पुन्हा ओंडक्यावर बसलं.

‘आळस देतंय,’ गाईड म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी एका घरट्याकडे न्यायचं ठरलं होतं. पाऊस लागला म्हणून ते बारगळलं. त्या पावसाचे माझ्यावर उपकार आहेत, तिथे मी काय केलं असतं याची मला खात्री नाही.

घरी येऊन त्या घुबडाचा एक फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. काही आठवड्यांनी निरोप आला: निवडीच्या पुढच्या फेरीत आहात, कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाईल आणि तिच्या मागच्यापुढच्या फ्रेम पाठवा. आनंदाने लॅपटॉप उघडला. घुबड उचललं गेलं तो क्षण माझ्याकडे सलग अकरा फ्रेममध्ये होता, एक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या शटरने गोठवलेला. त्या मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या, कारण त्यात पंखांनी चेहरा झाकला होता.

सातवी फ्रेम. शरीर पुढे झुकलेलं, दोन्ही पंख पूर्ण ताणलेले, डावा पाय पोटाशी घेतलेला आणि उजवा मागे, सरळ, कुणी ओढून धरल्यासारखा. मी दोनशे टक्के मोठं केलं. घोट्याजवळची पिसं एका रेषेत दबलेली होती, दोरीने आवळल्यावर उशी दबते तशी. तिथून एक चकाकती रेघ निघून ओंडक्याच्या मागे गेली होती. जेमतेम दोन पिक्सेल जाड. मासे पकडायचा नायलॉन.

मग बाकीचंही दिसायला लागलं. शेपटीची टोकं झिजून कुंच्यासारखी झालेली, मधलं एक पीस निम्म्यावर मोडलेलं. चोचीच्या बुडाशी खरवडलेली जखम, तारेच्या पिंजऱ्यावर तोंड घासलं की होते तशी. हे सगळं त्या ‘दर्जेदार’ फोटोतही होतं. मला पाठवलेले नमुने पुन्हा उघडले. दोन वेगळ्या पाहुण्यांचे, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे दोन वेगळ्या जागांचे फोटो. दोन्हींत तेच पीस, त्याच जागी मोडलेलं.

स्पर्धेतून मी नाव मागे घेतलं आणि का ते लिहून कळवलं. तसंच रेटून नेलं असतं तर? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. लांडगा बहुधा माणसाळलेला आहे असा निष्कर्ष निघाल्यावर 2010 च्या जानेवारीत तो बाद झाला. त्याच स्पर्धेतला 2017 चा एक विजेता मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं परीक्षकांचं मत झालं आणि 2018 मध्ये तोही गेला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले होते. मी काय सांगितलं असतं? ‘मला माहीत नव्हतं’ हे फक्त सातवी फ्रेम बघेपर्यंतच खरं होतं.

सहलवाल्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, फोटो मिळाला की नाही?’ मी म्हटलं, पैसे परत हवेत. ‘बाकीचे नऊजण खूश आहेत.’ मी म्हटलं, बांधलेलं घुबड दाखवलंत. ‘तुम्ही जंगली पक्षी दाखवा असं कुठे म्हणाला होतात?’ या माणसाशी भांडण्यात अर्थ नव्हता. पावती काढून बघितली. तिच्यावर राहणं, गाडी, गाईड एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘पक्षी दिसण्याची हमी नाही’. शंभर टक्क्यांची हमी तोंडी होती, फोनवरची. फायलींसकट वनखात्याकडे तक्रार दिली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जागेचा. मोबाईल पिशवीत होता.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर आधी तोंडी नाही, मेसेजवर विचारा: प्लेबॅक लावता का, खाणं टाकता का, घरट्यापाशी नेता का, पक्षी नाहीच दिसला तर काय? उत्तरं जपून ठेवा. लेखी विचारल्याबरोबर ज्याचा सूर बदलतो त्याचा विषय तिथेच संपला. मी आता शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे सगळ्यात जास्त लक्ष देते. जाणकार गाईड या प्रश्नावर लांबण लावतो. मागच्या महिन्यात कुठे होता, पाऊस झाल्यावर कुठे सरकतो, कोणत्या झाडाखाली घुबडाने उलटून टाकलेल्या हाडाकेसांच्या गोळ्या मिळाल्या, आणि शेवटी ‘बघू’. दुकान मांडून बसलेला एका शब्दात उत्तर देतो. तो पक्षी त्या भागात त्या आठवड्यात मुळात दिसतो का, हेही ईबर्डवर आठवड्यावार मिळतं, फुकट. मी ते सहलीहून आल्यावर बघितलं. शहाणपणाचा क्रम माझा असा.

नमुन्याचे फोटो मागवा तेव्हा पक्ष्याकडे नंतर बघा, आधी पायाखालची बैठक बघा. पाय दिसतात का? की दर फोटोत नेमके पायच कापलेले आहेत? आणि मोबाईल मागितला तर बंद करून खिशात ठेवा, हातचा सोडू नका.

परवा एका ओळखीच्या बाईंनी हौसेने आपला नवा फोटो पाठवला. ‘बघ, हमखास मिळतं तिथे!’ मऊ हिरवी पार्श्वभूमी, डोळ्यांच्या रेषेतला कोन. ओंडका मी ओळखला, डाव्या अंगाला शेवाळ निघून पडलेला टवका होता तो तसाच. वर शृंगी नव्हतं, गव्हाणी घुबड होतं. शेपूट अजून अख्खं होतं.