नवीन क्रीडा संकुल: ट्रॅक भारी, बाकी कारभार अर्धवट

मोकळं मैदान गेलं आणि त्या जागी हे संकुल आलं, त्यामुळे आधी जरा रागच होता. पण ट्रॅक खरंच मस्त आहे बॉस, सिंथेटिक, ४०० मीटर, ८ लेन, डांबरी रस्त्यापेक्षा गुडघ्यांना किती बरं वाटतं ते पळणाऱ्यालाच कळेल. फक्त चालायला येणाऱ्यांनी पहिली लेन सोडा हो, चौघं चौघं गप्पा मारत आडवे चालतात आणि मागून पोरं स्प्रिंट मारत येतात, आपटणार कधीतरी कुणीतरी. तसंही आठव्या लेनमधून फेरी मारली तर ५० मीटरच्या वर जास्त चाल होते, म्हणजे फायदाच की!

फुटबॉलचं टर्फ मात्र दुपारी तव्यासारखं तापतं, प्लास्टिकचं गवत आणि त्यात रबराचे काळे दाणे, दुसरं काय होणार. शिवाय ते दाणे सॉक्समधून घरभर. लाइट चांगले आहेत. बॅडमिंटनचा ऑनलाइन स्लॉट उघडला रे उघडला की फुल, कोण घेतं देव जाणे.

आणि एवढा खर्च करून टॉयलेटला कायम कुलूप?? बायका-पोरींनी काय करायचं? सध्या ३ स्टार, कुलूप काढा, चौथा लगेच देतो.