आयर्नस्वॉर्न एकटीनं खेळून आठ महिने, आणि एका फाशाची कटकट

आयर्नस्वॉर्न म्हणजे फासे टाकत आपल्या पात्राची गोष्ट घडवत न्यायचा रोल-प्लेइंग गेम. हा रिव्ह्यू मी तीन महिन्यांपूर्वीच टाकणार होते आणि तेव्हा टाकला असता तर दोनच स्टार दिले असते, कारण डोकं पार फिरलं होतं. गेमवर राग काढायला जागा नाही, नियमांची पीडीएफ 2018 पासून अधिकृतपणे मोफत मिळते. राग फाशांवर. 249 रुपयांचा सात फाशांचा सेट ऑनलाइन मागवला आणि पाचव्या महिन्यात दहा बाजूंच्या फाशावरची 6 आणि 9 खालची रेघ उडाली. रेघ कोरलेली नव्हतीच, नुसती छापलेली. आकडा कुठून उभा वाचायचा यालाही त्या फाशावर काही नियम नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणे आधी तुमच्या खर्चानं कुरिअर करा, मग बघू. कुरिअरवाल्यानं 90 रुपये सांगितले. 249 च्या मालासाठी 90 घालवायचे आणि वर 'मग बघू' ऐकायचं? नाही पाठवला.

एका आकड्यासाठी एवढं काय, असं वाटेल. पण खेळणाऱ्यांना माहितीये, आपला सहा बाजूंचा फासा अधिक पात्राचे गुण, समोर दहा बाजूंचे दोन फासे. दोन्हींना हरवलं तर पूर्ण यश, एकालाच हरवलं तर अर्धं, एकालाही नाही तर फसलं, आणि बरोबरी झाली तरी आपणच हरलो. आपले 7 किंवा 8 झाले की समोर 6 पडलाय का 9 यावरच सगळं लटकतं.

मी खेळते पोरगी झोपल्यावर, साडेदहानंतर. मित्रमैत्रिणी सगळे पुण्याला गेलेत, गोष्ट चालवणारा गेम मास्टर कुठनं आणणार. फरशीवर फासे टाकले की पोरगी उठते, टॉवेलच्या दोऱ्यांत फासा तिरका अडकतो, शेवटी जुन्या सोलापुरी चादरीची घडी घातली, ती एकदम बेस्ट.

गेममधलं मूळ जग थंड, बर्फाचं. मे महिन्यात आमच्याकडं रात्री अकरालापण भिंती तापलेल्या असतात, बर्फ डोळ्यांपुढं येईचना. पण आपल्या जगात काय खरं धरायचं ते गेम सुरुवातीलाच आपल्याला ठरवायला लावतो, म्हणून मी बर्फ काढून तीन वर्षांचा दुष्काळ घातला. माझं पात्र नागव्वा, विहिरी खणणारी. गावाचं पाणी कुणी वळवलं ते शोधीन, ही तिची शपथ. शपथ लोखंडावर हात ठेवून घ्यायची असते, मी आज्जीचा अडकित्ता घेतला. खरंच हातात घेतला, आणि त्यानं फरक पडतो.

तरी पहिले दोन महिने गोष्ट जागची हलेना. चूक माझीच, ओरॅकलला, म्हणजे फासे टाकून हो-नाही उत्तर देणाऱ्या तक्त्याला, प्रश्न किती विचारावेत! दार उघडंय का, आत कोण आहे का, त्याच्याकडं कंदील आहे का. एका रात्रीत चौदा प्रश्न झाले आणि नागव्वा दारातच उभी. मग एका प्रसंगाला एकच प्रश्न असं ठरवलं, बाकी जे पहिल्यांदा मनात येईल तेच लिहायचं.

दुसरं मत बदललं ते अर्ध्या यशाबद्दल. गुण 2 असेल तर हिशेबानं शंभरात साधारण 23 वेळा पूर्ण यश, 44 वेळा अर्धं, 33 वेळा फसतं. मी कारखान्यात हिशेबच लिहिते, पहिल्यांदा हे आकडे काढले तेव्हा वाटलं हा काय अन्याय. आता वाटतं ते 44 च गोष्ट ओढतात. नागव्वानं रखवालदाराला बोलण्यात गुंतवलं, आत शिरली, पण दोर बाहेरच राहिला. त्या दोरावर माझ्या तीन रात्री गेल्या.

आता त्या फाशाचं. शपथ पुरी करायचा रोल आला. यात सहाचा फासा नसतो, प्रगतीची दहापैकी जेवढी घरं भरली तेवढाच आपला आकडा, माझी 8 होती. पडले 3 आणि तो. 6 का 9, कळेना. तक्रारीसाठी तिथल्या तिथं फोटो काढला आणि वहीत लिहिलं 6. म्हणजे पूर्ण यश. पाणी सुटलं, गाव खूश, वही बंद.

दोन आठवडे वही उघडावीशीच वाटली नाही.

विक्रेत्याशी भांडताना तोच फोटो मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं की माझ्या फाशाच्या एका टोकाभोवती सगळे विषम आकडे आहेत, दुसऱ्या टोकाभोवती सगळे सम, आणि फोटोत त्याच टोकाकडच्या शेजारच्या दोन्ही बाजूंवर विषम. म्हणजे तो 9 होता. 8 नं 3 ला हरवलं, 9 ला नाही. अर्धं यश. त्याचा नियम असा की काम झालं तरी त्यामागचं खरं काहीतरी समोर येतं आणि हवं तर नवी शपथ घेता येते. मी वहीतलं पान खोडलं. पाणी वळवणारा नागव्वाचा थोरला भाऊच निघाला, खालच्या वस्तीतली जनावरं मरायला लागली म्हणून. पहाटे नळाला पाणी यायचं होतं तरी दीडपर्यंत लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकानं 9 खाली पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका दिला, तीन महिने झाले, अजून टिकून आहे. गेमला पाच स्टार, फाशांना एक. तुम्ही सेट घेतला की आधी त्या रेघेवरनं नख फिरवून बघा, नखाला खाच लागली नाही तर त्याच दिवशी परत करा.

नव्या शपथेची तीन घरं भरलीत. भाऊ अजून बोलत नाही.