नाताळच्या सुट्टीआधी काय हाती घ्यावं: क्रोशाचं अस्वल की लोकरीचा स्वेटर?

दिवाळीचा फराळ संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. "नात डिसेंबरात येतेय, चार वर्षांची आहे. अस्वल करू की स्वेटर?" मी आधी दोन गोष्टी विचारते: ती राहते कुठे, आणि तुम्हाला रोज सलग किती वेळ बसता येतं?

खेळणं पुढे सरकताना दिसतं, हे त्याचं मोठं सुख. अस्वलाचं डोकं घ्या. पहिल्या फेरीत सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), मग दर फेरीला सहा वाढवत छत्तीसपर्यंत, सहा फेऱ्या सरळ, आणि तसेच घटवत खाली. सगळे मिळून 432 टाके. हात बसलेला असेल तर एका संध्याकाळी डोकं तयार.

स्वेटरचं गणित वेगळं. डबल निटिंगची, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिमीच्या सुया घेतल्या तर 10 सेंमीत साधारण 22 टाके आणि 28 ओळी बसतात. चार वर्षांच्या मुलीची छाती अंदाजे 58 सेंमी, त्यात सैलपणाचे 7 मिळवले की घेर 65, आणि त्याच्या निम्म्या पाठीला 72 टाके लागतात. उंची 38 सेंमी धरली तर 106 ओळी. मुंड्याची आणि गळ्याची घट वजा करूनही नुसती पाठच सात हजार टाक्यांच्या घरात जाते. पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळपट्टी अजून बाकीच. आठवडाभर विणूनही सुईवर काही वाढलंय असं वाटत नाही, आणि पुष्कळ स्वेटर इथेच पिशवीत जातात. मी दर वीस ओळींनी कडेला रंगीत दोरा अडकवते. दोरे वाढत गेले की काम पुढे चाललंय हे डोळ्यांना दिसतं.

पण अस्वलालाही सोपं समजू नका. डोकं, धड, हात, पाय, कान सगळं विणून होतं आणि जोडणीपाशी गाडी अडते. कापूस भरून कान सारख्या उंचीवर शिवायला विणण्याइतकाच वेळ लागतो. क्रोशाची सुई लेबलवर सांगितलीय त्यापेक्षा बारीक घ्या, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर प्लास्टिकचे डोळे मुळीच लावू नका, काळ्या दोऱ्याने भरा.

स्वेटरचा खरा शत्रू म्हणजे मुलाची वाढ. भाच्यासाठी दोन वर्षांच्या मापाने सुरू केलेला स्वेटर माझ्याकडून फेब्रुवारीत अर्धवट राहिला. पुढच्या थंडीत काढला तेव्हा पाठ त्याच्या खांद्यांना पुरेना. सगळा उसवला. तेव्हापासून मी एक माप पुढचंच धरते आणि बाही खांद्याकडून मनगटाकडे विणते. मग पुढच्या वर्षी काठ उसवून दोन इंच वाढवता येतात.

आता राहण्याचं. मुंबईत किंवा कोकणात पूर्ण बाह्यांचा स्वेटर वर्षातून चार दिवस अंगावर चढतो, तिथे अस्वलच करा. निफाड, नाशिक, पुणे इथल्या जानेवारीतल्या सकाळच्या शाळेसाठी स्वेटरला तोड नाही. नात अमेरिकेत किंवा इंग्लंडात असेल तर स्वेटरच, पण मशीनमध्ये धुता येईल अशा लोकरीचा. साधी शुद्ध लोकर गरम पाण्याच्या मशीनमध्ये आटून घट्ट होते. ॲक्रिलिक धुवायला सोपी, पण गरम इस्त्री लागली की कायमची लुळी पडते.

रोज तासभर मिळत असेल आणि आज नोव्हेंबरचा पहिला आठवडा असेल, तर मी स्वेटर घ्या म्हणेन. दहा-पंधरा मिनिटांचेच तुकडे मिळत असतील, लोकलमध्ये, दवाखान्यात, तर अस्वल. आणि स्वेटर ठरला तर सगळी लोकर एकदमच आणा, प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा क्रमांक, जुळवून. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग दुकानातल्या दिव्याखाली तोच दिसतो, उन्हात मात्र बाही वेगळी पडते.