परसातल्या भट्टीचं घर आणि चिमणी: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

मागच्या थंडीत परसात लाकडावरची भट्टी बांधली. आतून 36 इंचांचा घुमट, आयएस-8 दर्जाच्या फायरब्रिकचा, म्हणजे आग सोसणाऱ्या विटेचा. त्यावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, आता पुन्हा भरताच्या वांग्यांचे दिवस आलेत. घुमट कसा रचावा हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात, म्हणून त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते घुमटाभोवतीच्या घराबद्दल, म्हणजे त्याच्या भिंती-छपराबद्दल, आणि चिमणीबद्दल. दोन्हींवर मिळून जवळपास भट्टीइतकाच खर्च झाला आणि घरात त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. तरी माझं मत ठाम आहे: नागपुरात घुमट उघडा ठेवू नये.

फोटोत दिसणारा पांढराशुभ्र उघडा घुमट झकासच असतो. पण घुमट तापला की फुगतो, निवला की आक्रसतो. मिस्त्री कितीही हुशार असो, बाहेरच्या प्लास्टरला केसासारख्या भेगा पडणारच. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हात त्या वाढतात आणि जूनमध्ये पहिला दणका बसला की पाणी थेट आत. आत उष्णता अडवायला सिरॅमिक ब्लँकेट (तंतूंची जाड गादी) आणि व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे), दोन्ही पाणी पिणारी. ओलं ब्लँकेट उष्णता अडवत नाही, उलट पुढच्या वेळी निम्मं सरपण ते पाणी उकळण्यातच जातं. पाण्याची वाफ झाली की तिला जवळपास 1,600 पट जागा लागते. वाट ठेवली नसेल तर ती स्वतः पाडून घेते.

पायाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे, बेसा रस्त्याच्या बाजूला, काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदून, भराव कुटून मगच ओटा घेतला. भट्टी आणि तिचं घर मात्र एकाच स्लॅबवर घ्या. वेगवेगळे घेतले तर एक बसेल, दुसरं राहील आणि मधल्या मधे चिमणी वाकेल.

भिंतींना 4 इंची एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक, वापरले. वजनाला हलके, उष्णता कमी नेतात, आणि करवतीने कापता येत असल्यामुळे तोंडाजवळची कमान नीट बसवता आली. हे ब्लॉक पाणी शोषतात, म्हणून बाहेरून प्लास्टर आणि रंग चुकवू नका. घुमटावर तीन इंच ब्लँकेट, मग भिंतीपर्यंत जी पोकळी उरते तिच्यात सुटं व्हर्मिक्युलाइट ओतलं. सिमेंटमध्ये कालवून नाही, कोरडं. उद्या कुठे दुरुस्ती करायची झाली तर डब्याने उपसून काढता येतं. ब्लँकेट कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, ते तंतू अंगाला भयंकर खाजतात आणि छातीत जाणं तर अजिबात बरं नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पुढची भिंत आणि भट्टीची तापणारी कमान यांच्यात बोटभर फट ठेवली आहे आणि त्या फटीत सिरॅमिक दोरी ठासली आहे. कमान तापून फुगते, भिंत गारच असते. दोन्ही सिमेंटने एकजीव केल्या तर पहिल्याच मोठ्या आगीत भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग जाणार. आमच्या भिंतीला अजून एकही नाही. मिस्त्रीला ही फट बघवत नव्हती, जाता जाता थापी मारून बुजवायला निघाला होता. समोर उभं राहून हे काम करून घ्या.

घराला दोन झरोके आहेत, एक खाली मागच्या बाजूला, एक वर छपराखाली. पहिल्या महिन्यात वरच्या झरोक्यातून वाफ निघताना स्पष्ट दिसायची, हात धरला तर ओला व्हायचा. तेवढं पाणी विटा-सिमेंटात असतंच. दोन्हींना जाड जाळी लावा, नाहीतर उंदीर ऊबदार जागा बघून बिऱ्हाड मांडतात. छप्पर उताराचं, लोखंडी अँगलवर रंगीत पत्रा. लाकडी वासा एकही नाही. पुढे फूटभर पागोळी काढली आहे. तोंड पूर्वेला, कारण आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. जागा योगायोगाने परसाचा आग्नेय कोपरा निघाली, त्यामुळे बाबा खूश. खर्चाला मंजुरी मिळण्यात या कोपऱ्याचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं.

आता चिमणी. मिस्त्रीचा पहिला प्रश्न होता, "धूर तं मांगून जाईन ना जी, पुढं चिमणी कायले?" तंदूर आणि चूल पाहिलेल्या माणसाचा हा सरळ प्रश्न आहे. पण या भट्टीत हवा तोंडाच्या खालच्या भागातून आत शिरते, ज्वाळा मागे उठून छताला घासत पुढे येतात आणि धूर तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर पडतो. मागे भोक ठेवलं तर सगळी उष्णता सरळ वर जाईल आणि घुमट कधीच तापणार नाही. म्हणून चिमणी तोंडाच्या बाहेर, कमानीवर, दार बसतं त्याच्या पुढे. दार लावलं की चिमणीचा भट्टीशी संबंध आपोआप तुटतो, त्यामुळे वेगळा डँपर (चिमणी बंद करायची झडप) घ्यायची गरज पडत नाही.

पाइप 8 इंची घेतला. 6 इंची स्वस्त पडतो, पण गोलाचं क्षेत्रफळ काढून बघा: 6 इंचीचं 28 चौरस इंच, 8 इंचीचं 50. एवढ्या मोठ्या तोंडाला 28 पुरत नाही, धूर कपाळावर येतो. धातू एसएस 304, म्हणजे स्टेनलेस स्टील. इथे सावध राहा, कारण 304 च्या नावावर 202 हे हलक्या प्रतीचं स्टील सर्रास खपवलं जातं. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून खिशातल्या चुंबकाचा काही उपयोग नाही. लोहाओळीत, म्हणजे नागपूरच्या लोखंड बाजारात, दुकानदाराकडे तपासणीच्या थेंबाची बाटली असते, तुमच्यासमोर टाकायला लावा. 202 असेल तर डाग लालसर होतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप तर नकोच, जस्त 420 अंशांना वितळतं आणि त्याचा धूर घातक. जुन्या घरातला एसी, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉस घातक, आणि तापला की तो पाइप फुटतो.

आमचा पाइप आठ फुटी. तो 300 अंशांनी तापला की लांबीला जवळपास 12 मिलिमीटर वाढतो. म्हणून छपरातून जातो तिथे तो कशालाच जखडलेला नाही: पत्र्याला मोठं भोक, त्यावर बाही, आणि बाहीवर पाइपाला आवळलेली एसएसची कॉलर छत्रीसारखी. जुलैच्या झडीतही आत थेंब आला नाही. पत्र्याला आणि पाइपाला सिलिकॉनने चिकटवून टाकायचा सल्ला मला तिघांनी दिला. ते सिलिकॉन दोन-तीन आगींत सोलून निघालं असतं.

उंचीचा सर्वमान्य ठोकताळा असा की छपरापासून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आमच्या बाबतीत ते उंच म्हणजे धुणीघराचा स्लॅब. शेजारच्या काकूंची आजवर तक्रार नाही, अर्थात त्यात रोडग्यांचाही हात असावा.

तक्रार आहे ती टोपीची. फॅब्रिकेटरने टोपीखाली मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावून दिली, "ठिणगी नाही उडणार" म्हणून. पाऊस सुरू झाल्यावर धूर तोंडातून यायला लागला. वर चढून बघतो तर जाळी काजळीने लिंपल्यासारखी बंद. बदलून द्यायला सांगितलं तर फोन उचलणं बंद. शेवटी दुसऱ्याकडून अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी बसवली आणि टोपी पाइपापासून 4 इंच उचलून घेतली, म्हणजे व्यासाच्या निम्मी. त्यानंतर ओढ पूर्ववत. त्याच पहिल्या माणसाने टोपीला साधे लोखंडी स्क्रू मारले होते, त्यांच्या गंजाचे ओघळ अजून पाइपावर आहेत. बुडाशी दिसतो तो सोनेरी-जांभळा रंग मात्र गंज नाही. 304 तापलं की असंच रंगतं.

पावसाळ्यात पाइप गार आणि हवा दमट असली की सुरुवातीला ओढ लागत नाही. चिमणीच्या गळ्याखाली वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवला की काम होतं. बरेच दिवस भट्टी बंद असेल तर आधी छोटी आग, नुसत्या काटक्यांची. सरपण टालवरचं वाळलेलं बाभूळ, आणि काटोलकडून कधी संत्र्याच्या बागेतली जुनी खोडं मिळाली तर सोन्याहून पिवळं. प्लायवूड किंवा रंग मारलेलं लाकूड या भट्टीत जात नाही.

घुमट काळ्याचा पांढरा झाला की समजायचं 350 च्या वर गेला. त्या वेळी बाहेरच्या भिंतीला लेझर थर्मामीटर लावला तर हवेपेक्षा चार-पाच अंशच जास्त दाखवतो, मुलं टेकून उभी राहतात. रात्री दार लावून ठेवलं की सकाळी आत 200 च्या आसपास असतं. त्यात रोडगे आणि भरीत तर होतंच, मातीच्या हंडीतलं मटण दुपारपर्यंत हाडापासून सुटतं.

नावडलेलं म्हणाल तर घर जागा फार खातं, तीन फुटांच्या घुमटाला सगळं मिळून सहा फुटांच्या पुढे गेलं. आणि चिमणी कितीही चांगली ओढो, तोंडावरची भिंत काळवंडतेच. तिथे पांढऱ्या टाइलचा मोह टाळून खडबडीत कोटा फरशी लावली आहे, त्यावर काजळी खपून जाते. गंजलेले स्क्रू होळीच्या आधी एसएसचे करून घेणार, त्याच वेळी पश्चिमेच्या भिंतीला रंगाचा एक हात आणखी.