'अशी ही बनवाबनवी': टाइमपास, पण पक्क्या बांधणीचा

हृषिकेश मुखर्जींचा हिंदी सिनेमा 'बीवी और मकान' १९६६ चा. त्याच गोष्टीवर सचिन पिळगांवकरांनी १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' केला. आज मूळ सिनेमा फारसा कुणाच्या लक्षात नाही, मराठीतल्याचे संवाद मात्र घरोघरी पाठ आहेत. तरी 'थोर' सिनेमांच्या गप्पा निघाल्या की हा बाजूला पडतो, टाइमपास म्हणून. टाइमपास आहेच की. पण फार्स करायला घेणाऱ्याने आधी हा सिनेमा उलगडून बघावा.

पाया आहे भाड्याच्या खोलीचा. पुण्यात एकट्यादुकट्या पोरांना जागा द्यायला कुणी तयार नाही, आणि लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते जोडपीच. मग चौघांपैकी परशाची पार्वती होते, धनंजय मानेची बायको. सुधीरची सुधा होते, शंतनूची बायको. नाटकी गोष्ट, पण गरज खरी. खोली गेली तर चौघं रस्त्यावर, हे एकदा मनात बसलं की पुढचा सगळा आचरटपणा पटतो. गरजेवाचून नुसतीच साडी नेसवली असती, तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता.

पुढची कारागिरी खोट्याच्या हिशोबात. लीलाबाईंसमोर धनंजय संसारी, तो काम करतो त्या दुकानाची मालकीण माधुरी, तिच्यासमोर मोकळा. सुधीर आणि सुधा एका वेळी एका खोलीत दिसू शकत नाहीत. प्रत्येक थाप निभावायला नवी थाप लागते, आणि कुणाला काय सांगितलंय हे प्रेक्षकाला कायम ठाऊक असतं. सिनेमा आपल्यापासून काही लपवत नाही, म्हणून दाराची कडी वाजली तरी हसू फुटतं. अलीकडचे बरेच विनोदी सिनेमे इथेच घसरतात: धक्का द्यायच्या नादात प्रेक्षकालाही अंधारात ठेवतात.

संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणाऱ्या माणसाला सवाल-जवाबाचा वेग शिकवावा लागत नाही. मराठीत तर कितीतरी क्रियापदं बोलणाऱ्याचं लिंग सांगून मोकळी होतात, त्यामुळे बाई झालेल्या पुरुषाला तोंड उघडणंच धोक्याचं. 'हा माझा बायको पार्वती' हे वाक्य लिंगाच्या याच घोळातून आलंय. धनंजय झालेले अशोक सराफ ते जोर देऊन म्हणत नाहीत, बोलता बोलता सटकल्यासारखं म्हणतात. जोर दिला असता तर फुसका विनोद झाला असता.

दोन साड्यांमधला फरक मुद्दाम बघा. सचिनची सुधा नीटनेटकी, लाजरी, खरोखर बाई वाटावी अशी. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती म्हणजे साडी गुंडाळलेला परशा: चाल पुरुषी, आवाज मधूनच घसरणारा. दोघंही सुधासारखे असते तर पकडले जायची भीती उरली नसती, दोघंही पार्वतीसारखे असते तर लीलाबाईंचा विश्वास बसला नसता. सुधीर जोशींचे सरपोतदार, म्हणजे धनंजयचे आधीचे घरमालक, सुरुवातीलाच भेटतात आणि थोडक्या वेळात भाव खाऊन जातात. इस्राईलच्या औषधाचा तो प्रसंग फक्त त्यांच्या चेहऱ्यासाठी पुन्हा बघावा.

खोट काढायचीच तर आहे. सिद्धार्थ रेंच्या शंतनूला दिसण्यापलीकडे फारसं काम नाही. नायिकांना स्वतःचं म्हणावं असं थोडंच मिळालंय. त्यातल्या त्यात अश्विनी भावेंची माधुरी उजवी. शेवटाकडे गुंता सोडवायची घाई होते आणि इतका वेळ जपलेला काटेकोरपणा सैल पडतो.

बघायचा तर तुकड्यातुकड्यांत नको. मोबाईलवर फिरणाऱ्या क्लिपांमध्ये वाक्य उरतं, त्यामागची धास्ती उडून जाते. पहिला अर्धा तास तर फोन लांब ठेवाच, कारण खोल्या, माणसं आणि थापा यांची सगळी मांडणी तिथेच होते. आजी-आजोबा नि पोरं एकत्र बसतील असा आहे. गाणी पुढे ढकलायची सवय असेल तर 'हृदयी वसंत फुलताना' ढकलल्याने गोष्टीचं काही अडत नाही. 'कुणीतरी येणार येणार गं' मात्र ढकलू नका. ते पार्वतीच्या डोहाळजेवणाचं गाणं आहे, आणि थाप कुठवर पोचली आहे ते त्यातच कळतं.