दहाची खरी, शंभराची कात्रीतली

पुण्यातल्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात एका व्यापाऱ्याच्या टेबलावरून मी दोन एरर नोटा, म्हणजे छापताना किंवा कापताना चूक राहून गेलेल्या नोटा, घेतल्या. एक खरी निघाली, दुसरीने फसवलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. भांडण काढायचं नाहीये, पुढच्या कुणाचे पैसे वाचले तरी पुरे.

माझं माहेर नाशिकरोडचं, आळीतली निम्मी माणसं नोटा छापायच्या 'प्रेस'मध्ये. शेजारचे काका छापलेल्या नोटा तपासायच्या कामावर होते. चुकीची नोट बाहेर गेली तर मान खाली जाते म्हणायचे. पुढे मी बँकेत २९ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. तिथे वेड्यावाकड्या छापलेल्या ज्या नोटा हाताखाली आल्या त्या सगळ्या मुकाट बाजूला काढून वर पाठवल्या. निवृत्त झाल्यावर कळलं की लोक त्यांना पैसे मोजतात! तेव्हापासून हा नाद. घरी ह्यांचं एकच म्हणणं, "बँकेने नाकारावी अशी नोट, आणि तू वर पैसे देऊन आणतेस."

आधी चांगलं सांगते. दहाची जुनी नोट, बिमल जालान यांची सही, मागे गेंडा, हत्ती आणि वाघ. उजव्या वरच्या कोपऱ्यातून कागदाचं एक टोक बाहेर आलंय, अर्ध्या शंकरपाळ्याएवढं. बाजारात याला बटरफ्लाय म्हणतात. नोटा मोठ्या शीटवर छापतात, नंबर जवळजवळ शेवटी पडतात आणि मग शीट कापतात. शीटचा कोपरा त्याआधी दुमडला गेला, तर सुरी सरळ रेषेत फिरते, दुमडलेला तुकडा तिच्या खालून निसटतो आणि घडी उलगडली की पंखासारखा बाहेर येतो. माझ्या नोटेत तर नंबराचे शेवटचे दोन आकडे समोर नाहीतच, ते तिरके होऊन मागच्या बाजूला पडलेत. म्हणजे कोपरा नंबर पडायच्या आधीच दुमडलेला होता. त्याखालची रंगीत छपाई मात्र अखंड, कारण ती तोवर होऊन गेली होती. घडी कुठल्या टप्प्यावर पडली ते नोटच सांगते. हे असलं काही घरबसल्या चिकटवून जमत नाही. २,२०० सांगितले, १,९०० ला दिली. पाकिटातून काढून हातात दिली, भिंगही त्यानेच पुढे केलं. इथवर पैकीच्या पैकी.

आता शंभराची. जुनी मोठी नोट, मागे कांचनजुंगा. "काकू, कटिंग एरर, डावीकडे मार्जिनच नाही बघा." खरंच नव्हतं. पण ही नोट टेप लावून बंद केलेल्या पाकिटात. काढून बघते म्हटलं तर, "टेप काढली की घ्यावी लागेल." मला तिथेच उठायला हवं होतं. दहाच्या नोटेने मन खूश झालं होतं, १,८०० देऊन मोकळी झाले.

घरी येऊन पट्टी लावली. त्या मालिकेतली शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब असते. माझी भरली १५४. सुरी सरकली असती तर डावीकडे जेवढं गेलं तेवढं उजवीकडे वाढलं असतं, कदाचित शेजारच्या नोटेची रेघही दिसली असती, आणि लांबी १५७ च राहिली असती. इथे डावीकडून तीन मिलिमीटर नुसते गायब. कुणीतरी कटर चालवलाय, दुसरं काही नाही. फोन केला तर उत्तर, "ताई, एरर मालाला रिटर्न नसतो." टेबलावर काकू होते, तक्रार केल्यावर ताई झाले.

सगळ्यात महाग माल वीसच्या नव्या नोटेचा होता, ती वेरूळची लेणी असलेली. एका बाजूचा नंबरच नाही, किंमत ६,५००. तीही टेपबंद. पाकिटातूनच उजेडाला तिरकी धरली. नंबराच्या जागी कागदाचे तंतू उठलेले, आणि नंबराखालची बारीक रंगीत छपाईसुद्धा तेवढ्यापुरती पुसट. "शाई संपली असणार," म्हणाला. अहो दादा, नंबराची शाई संपली म्हणून आधी छापलेला रंग कसा उडेल? हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

स्टारच्या नोटाही 'एरर' म्हणून तीन-तीनशेला लावल्या होत्या. नंबरात तारा असणं ही चूक नव्हे. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी जी चांगली नोट भरतात तिच्यावर तो तारा असतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये १०, २० आणि ५० च्या नोटांपासून हे सुरू केलं. हौस म्हणून जमवायला हरकत नाही, मी स्वतः जमवते, पण एरर म्हणून नाही.

टेबलाखाली ५०० आणि १००० च्या जुन्या नोटांची जाड थप्पीही होती. २०१७ च्या कायद्यानुसार या नोटा कुणालाही दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी २५ पर्यंत. ती थप्पी २५ ची नव्हती हे सांगायला मोजणीचं मशीन लागत नाही, माझा अंगठा पुरे आहे. त्याने आग्रह करून दिलेला मऊ प्लॅस्टिकचा अल्बमही घेऊ नका. उघडला की रेनकोटचा वास येतो, असल्या पीव्हीसीत नोटा कालांतराने चिकट होतात.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या दहाच्या नोटेचे.

परवा त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, "ताई, नवीन कटिंग एरर, खास तुमच्यासाठी." मी लिहिलं, लांबी मोजून पाठवा. निळ्या खुणा लगेच आल्या. माप अजून आलेलं नाही.