डिबाँडर, अल्कोहोल की पातळ करवत? चिकटवलेली मॉडेल रेल्वे सोडवण्याच्या साधनांचं परीक्षण

प्लास्टिकचा चिकटवलेला डबा किंवा इंजिन सुटं करायचं म्हटलं की सगळ्यात आधी नाव निघतं ते सुपरग्लू डिबाँडरचं, म्हणजे सुपरग्लू विरघळवणाऱ्या द्रवाचं. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकच्या मॉडेलसाठी हीच खरेदी सगळ्यात वाईट. बऱ्याच डिबाँडरमध्ये अ‍ॅसिटोन किंवा नायट्रोमिथेन असतं. आणि तामिया कंपनीच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदात, काय असतं? अ‍ॅसिटोन, जोडीला ब्युटिल अ‍ॅसिटेट. जोडायच्या बाटलीतलंच द्रावक सोडवायच्या बाटलीतही भरलेलं! सांधा हलायच्या आधी रिव्हेट, दारांच्या कडा, फळ्यांच्या रेघा मऊ पडतात आणि त्यावर बोटाचा ठसा उठतो तो कायमचा. पितळी तपशील, धातूची चाकं, वजनाच्या पट्ट्या डब्यापासून सुट्या झाल्यावर त्यांच्यावरचा सुपरग्लू साफ करायला डिबाँडर उत्तम. तेवढ्यासाठी छोटी बाटली पुरते.

काहीही विकत घेण्याआधी सांधा खरंच चिकटवलेला आहे का ते बघा. तयार मॉडेलची बॉडी बहुधा चॅसिसवर खटक्यांनी बसलेली असते, नाहीतर स्क्रूने. हे स्क्रू कपलरच्या (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याच्या) डबीत किंवा बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या, वर लपलेले असतात. चार कोपऱ्यांजवळ पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या की खटके सुटतात.

गोंद असेल तर तो कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. सुपरग्लू काचेसारखा चमकतो, आजूबाजूला पांढरट धूसर डाग असतो आणि सुरीच्या टोकाने टवका उडतो. पांढरा गोंद रबरी लागतो, नखाने निघतो. इपॉक्सी जाड, पिवळसर असते. गोंदाचा थर कुठेच दिसत नसेल आणि प्लास्टिकच फुगून वर आल्यासारखं दिसत असेल, तर ते सिमेंट. तिथे दोन भाग एकमेकांत विरघळून एकच झालेले असतात, त्यामुळे प्लास्टिक शाबूत ठेवून नुसता सांधा सोडवेल असं कुठलंही द्रव नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र घ्यावंच. ९० टक्क्यांहून तीव्र घ्या. पांढऱ्या गोंदाने बसवलेल्या खिडक्यांच्या काचा त्याने सहज सुटतात, सुपरग्लूही बऱ्याचदा सैल पडतो. बारीक ब्रशने सांध्यावर आतल्या बाजूने सोडायचं, १० ते १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा भिजवायचं आणि मगच लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर हलक्या हाताने सरकवायची. पाचर आधी ठोकून, सांधा ताणलेला ठेवून अल्कोहोल सोडू नका. ताण आणि अल्कोहोल एकत्र आले की पॉलिस्टायरीनला केसासारखे बारीक तडे जातात, पारदर्शक काचांना तर हमखास. दुसरा धोका रंगाचा: कारखान्यात छापलेले नंबर आणि पट्टे यात निघून येऊ शकतात. आधी तळाला, न दिसणाऱ्या जागी कापसाची काडी घासून बघा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, जवळपास ज्योत नको.

फ्रीझरला पैसे पडत नाहीत, आणि प्लास्टिकवर सुपरग्लूने चिकटवलेल्या धातूसाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. खोलीच्या २७ अंशांवरून उणे १८ अंशांवर जाताना १०० मिमी लांबीचं पॉलिस्टायरीन सुमारे ०.३ मिमी आक्रसतं, तेवढीच पोलादी पट्टी जेमतेम ०.०५ मिमी. थंडीत सुपरग्लू ठिसूळ होतो, हा फरक त्याला झेपत नाही. मॉडेल झिपच्या पिशवीत घालून २-३ तास ठेवायचं, बाहेर काढताच सांध्यावर सुरीची बोथट बाजू टेकवून नेमका झटका द्यायचा. सावकाश वाकवत बसलात तर तोवर गारवा गेलेला असतो. बारीक दांड्या आणि पायऱ्या थंडीत काडीसारख्या मोडतात, त्यांना हात लागू देऊ नका. मोटर आणि सर्किट आधी काढून ठेवा. मॉडेल पुन्हा गरम होईपर्यंत पिशवीतच राहू द्या, नाहीतर त्यावर दव जमतं. ट्यूबमधल्या जाड सिमेंटने जोडलेली जुनी किटंही कधी कधी या एका झटक्यात उघडतात, कारण तो गोंद वर्षानुवर्षांत ठिसूळ झालेला असतो.

उकळत्या पाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ बॉडी त्याच्या बरीच आधी वाकडी होते. इपॉक्सी नरम करायला ५० ते ५५ अंशांचं पाणी वापरा, त्यावर जाऊ नका.

खरा पैसा घालावा तो एच केलेल्या, म्हणजे धातूचा पातळ पत्रा रसायनाने कोरून बनवलेल्या, ०.१ मिमी जाडीच्या करवतीवर. सिमेंटच्या सांध्याला हाच एक भरवशाचा इलाज. तिची चीर साधारण ०.१५ मिमी पडते, जाडसर रेझर सॉची (बारीक दातांच्या हातकरवतीची) ०.३ मिमी. आकडे क्षुल्लक वाटतात, पण एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात ०.३ मिमी म्हणजे खऱ्या डब्याचे २६ मिमी, आणि एन म्हणजे १:१६० मध्ये ४८ मिमी. छप्पर तेवढं खाली बसलं की शेजारच्या डब्याशी रेघ जुळत नाही.

आधी सुरीच्या पाठीने सांध्यावर चार-पाच वेळा रेघ ओढून खाच पाडा. खाच नसेल तर करवत पहिल्याच ओढीला घसरते आणि रंगावर ओरखडा उमटतो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सुरुवात कोपऱ्यापासून, कारण तिथे दोन भिंती मिळतात आणि सांधा सगळ्यात घट्ट असतो. कोपरे सुटले की मधला भाग कधी कधी सुरीच्या टोकानेच उघडतो. जोर लावला की एवढं पातळ पातं लगेच दुमडतं, हाच या साधनाचा मोठा दोष. पातं आपल्या वजनाने चालू द्या. घाईने घासलं तर घर्षणाच्या उष्णतेने भुसा वितळून मागची चीर पुन्हा सांधतो, म्हणून पाण्याचा थेंब टाकत राहा आणि ब्रशने भुसा झाडा. आतून मजबुतीसाठी पट्ट्या लावल्या असतील तर त्या आधी छिन्नीच्या पात्याने तासून घ्या, नाहीतर करवत अडते कुठे तेच कळत नाही.

गेलेली जाडी भरून काढायला ०.१३ मिमीचा स्टायरीनचा पत्रा कडेला चिकटवा आणि बाहेर आलेला भाग सुरीने छाटा. जिथे सुपरग्लू होता तिथे आधी कड खरवडून कोरं प्लास्टिक उघडं करा; सुपरग्लूच्या थरावर सिमेंट पकडत नाही.